दोनशे वॅटचा फ्रीझर आणि अडीचची वायर
घरातील वीज : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे घर छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात आहे. बंद झालेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून मी ३०० लिटरचा जुना आडवा डीप फ्रीझर विकत घेतला. सुट्टीच्या दिवशी मुलगा, जावई आणि त्यांचे मित्र जमतात, आणि बिअरच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या की दूध-भाजीला जागा उरत नाही, यावरून घरात कुरबुर होते. म्हणून हा फ्रीझर फक्त बिअरसाठी, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीशेजारी ठेवला आहे. डीबी, म्हणजे वीजवाटपाची पेटी, पुढच्या व्हरांड्यात असून भिंतीच्या कडेने मोजले तर अंतर २८ मीटर भरते. शेडमधल्या दिव्याच्या लाइनची एक एमएमची वायर डीबीपर्यंत जोडलेली आहे, वायरमनने तिच्यावरच सॉकेट काढून दिले. फ्रीझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, १.४ अँपिअर, २०० वॅट असे लिहिले आहे, म्हणजे शंभराच्या दोन बल्बांएवढाच भार, असे त्याचे म्हणणे. परंतु संध्याकाळी फ्रीझर सुरू होताना दिवे मिणमिणतात, कधी कॉम्प्रेसर नुसताच गुणगुणतो आणि टक् असा आवाज होऊन बंद पडतो, आणि त्याच वेळी गाडी धुण्याचा पंप लावला तर ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. आता तो ६ च्या जागी १६ चा एमसीबी बसवू म्हणतो. दुसऱ्या वायरमनने मात्र थेट चारची वायर ओढायला सांगितली आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करते. ६ च्या जागी १६ चा एमसीबी बसवू देऊ नका, आणि हे पत्र आपल्या हाती पडेपर्यंत तो बसवला गेला असेल तर आजच काढायला लावा. एमसीबी फ्रीझरचे रक्षण करण्यासाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. एक एमएमची, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची वायर पाइपमधून नेलेली असेल तर साधारण ११ ते १३ अँपिअर सुखाने वाहून नेते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात तेवढेही नेत नाही, कारण वायरच्या क्षमतेचे आकडे आपल्याकडच्या त्या उकाड्याचे नसतात. तिच्यावर १६ चा एमसीबी बसवला की १५ अँपिअर तासन् तास वाहिले तरी एमसीबी गप्प राहील आणि वायरचे आवरण आतल्या आत मऊ होत जाईल. एमसीबी पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, आणि इथे त्याने सांगितलेले अगदी बरोबर आहे. गाडी धुण्याचे पंप बहुधा बाराशे-चौदाशे वॅटचे असतात, म्हणजे तो एकटाच ६ अँपिअर घेतो, आणि फ्रीझरचा भार त्यावर पडला की दिव्यासाठी ओढलेल्या त्या लाइनची मर्यादा संपते.

आता पाटीवरच्या आकड्याकडे वळू. २०० वॅट हा आकडा खोटा नाही, मात्र तो कॉम्प्रेसर चालू झाल्यानंतरचा आहे. बल्ब लावल्याबरोबर स्थिर होतो, मोटर तशी नसते. थांबलेली मोटर पहिल्यांदा फिरायला लागते तेव्हा ती चालू प्रवाहाच्या पाच ते आठ पट प्रवाह मागते. आपल्या फ्रीझरचा चालू प्रवाह १.४ अँपिअर आहे, म्हणून सुरू होताना तो १० अँपिअरच्या आसपास जातो असे धरू. सगळे ठीक असेल तर ही मागणी सेकंदाच्या आतच संपते. पण त्या क्षणभरात मोटरला पुरेसा दाब (व्होल्टेज) मिळाला नाही तर ती अडकून राहते, गुणगुणते, आणि तिच्या अंगावरचा ओव्हरलोड, म्हणजे जास्त प्रवाहाने तापला की सुटणारा छोटा स्विच, तिला तोडतो. आपण लिहिलेला टक् असा आवाज त्याचाच आहे. हा खेळ दिवसातून अनेकदा झाला तर कॉम्प्रेसरचे वाइंडिंग टिकत नाही.

दाब कुठे जातो, हे हिशेबाने पाहता येते, आणि हा हिशेब दहावी झालेल्या कोणालाही जमेल. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला सुमारे १८ ओम असतो. आपले अंतर २८ मीटर, परंतु प्रवाह फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून वायरची लांबी ५६ मीटर धरावी लागते आणि रोध १ ओम येतो. दहा अँपिअरला दहा व्होल्ट वाटेतच गेले. आपल्या भागात संध्याकाळी मीटरपाशीच १९० व्होल्ट मिळत असतील, तर कॉम्प्रेसरला मिळतात १८०. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती बहुतेक वायरमन सांगत नाहीत. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १९० व्होल्टला तो २३० च्या तुलनेत ६८ टक्के असतो, तर १८० ला ६१ टक्के. आधीच अशक्त झालेल्या मोटरचे आणखी सात टक्के आपली वायर खाते, आणि जुन्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत तेवढ्यावरच तो उचलेल की अडकेल हे ठरते.

अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध दर किलोमीटरला सुमारे ७.४ ओम असतो. त्याच ५६ मीटरला तो ०.४१ ओम होतो आणि दहा अँपिअरला चारच व्होल्ट गळतात. चारची वायर घेतली तर गळती अडीच व्होल्टच्या थोडी वर राहते. म्हणजे एकवरून अडीचवर गेल्याने सहा व्होल्ट वाचतात, आणि अडीचवरून चारवर गेल्याने फक्त दीड. त्या दीड व्होल्टसाठी जास्तीचे पैसे घालू नका, असे माझे मत आहे. आपले अंतर पन्नास मीटरच्या पुढे असते, किंवा त्याच जागी पुढे एअर कंडिशनर बसवायचा बेत असता, तर मी चारचीच वायर सांगितली असती. आपल्या दुसऱ्या वायरमनचा सल्ला चुकीचा नाही, गरजेपेक्षा जास्तीचा आहे, आणि पहिल्याच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी पटीने बरा आहे.

तेव्हा माझे उत्तर असे. डीबीपासून शेडपर्यंत फ्रीझरसाठी स्वतंत्र लाइन ओढा, तिच्यावर दुसरा दिवा, पंखा किंवा पॉइंट नको. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी अडीचच्या, तांब्याच्या, आयएसआय शिक्क्याच्या घ्या आणि वाटेत एकही जोड ठेवू नका. वायर घरात जिथून निघते तिथून सॉकेटपर्यंत एकसंध गेली पाहिजे, कारण घरातल्या आगी पुष्कळदा सैल राहिलेल्या जोडातून आणि ढिल्या पडलेल्या सॉकेटमधून सुरू होतात, बारीक वायरमधून तितक्या नाही. शेवटी १६ अँपिअरचे चांगल्या प्रतीचे एकच सॉकेट बसवा. गाडी धुण्याच्या पंपाला दुसरी जागा द्या. तो फ्रीझरशेजारीच हवा असेल तर त्याच्यासाठीही वेगळी लाइन लागेल. मल्टिप्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड फ्रीझरच्या जवळपासही नको.

एमसीबीवर १६ च्या आकड्याआधी बी, सी किंवा डी असे अक्षर छापलेले असते, ते वाचून घ्या. बी जातीचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला, सी जातीचा पाच ते दहा पटीला आणि डी जातीचा दहा ते वीस पटीला क्षणात सुटतो. घरातल्या मोटरीच्या उपकरणांना सी योग्य असतो. आपल्या फ्रीझरला सी १० पुरेसा आहे, अडीचच्या वायरवर सी १६ ही चालेल. डी घेऊ नका, तो कारखान्यातल्या जड मोटरींसाठी असतो. जुन्या घरांत डीबीऐवजी अजून किटकॅट फ्यूज दिसतात आणि त्यात फ्यूज वायरच्या जागी तांब्याच्या तारांचा जाड पीळ भरलेला असतो. असे घर असेल तर फ्रीझरचा विचार नंतर करावा, आधी डीबी बसवून घ्यावी.

पुष्कळ वाचक एक शंका विचारतात, तिचे उत्तर इथेच देते. फ्रीझरसोबत कंपनीने दिलेली केबल आपण ओढायला सांगत असलेल्या वायरपेक्षा बारीक असते, मग भिंतीत जाड वायर कशाला? ती केबल दोन मीटरची असते, उघड्या हवेत असते आणि त्या एकाच फ्रीझरचा भार वाहते. भिंतीतली वायर २८ मीटरची आहे, पाइपात कोंडलेली आहे, आणि १६ च्या सॉकेटमध्ये उद्या कोण काय खुपसेल याचा भरवसा आपण देऊ शकत नाही. वायर त्या अनोळखी उपकरणालाही पुरली पाहिजे.

आता अर्थिंगकडे येते, आणि या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. माझ्या लहानपणी परभणी जिल्ह्यात मावशीच्या घरी फ्रिज उघडण्याआधी सगळे पायात चपला घालत. पावसाळ्यात फ्रिजच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हे त्या घराने फ्रिजचा स्वभाव म्हणून मान्य केले होते. पुढे मी शिक्षण घेऊन परत गेले तेव्हा बोर्ड उघडून पाहिला. सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. भोक होते, पितळेची क्लिप होती, आणि मागे मोकळी भिंत होती. मावशी वाचली ती चपलांमुळे. मराठवाड्यात आजही अशी हजारो सॉकेटे असतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि आपल्या शेडमधले सॉकेट दिव्याच्या लाइनवरून काढलेले असल्यामुळे त्यातही अर्थ नसण्याचा संभव मोठा आहे. दिव्याच्या जुन्या लाइनला बहुधा दोनच वायरी असतात.

अर्थची वायर आहे एवढ्यावर भागत नाही, ती जमिनीत कुठे आणि कशी संपते हेही पाहावे लागते. आपल्याकडची काळी माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, परंतु उन्हाळ्यात ती आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीची पकड सुटते. खाली थोड्याच खोलीवर मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो, आणि पाषाण वीज जवळजवळ नेतच नाही. ज्या अर्थिंगचा रोध पावसाळ्यात ५ ओम असेल तोच मे महिन्यात कितीतरी वाढलेला सापडतो. म्हणून खड्डा घेताना तो घराच्या अशा बाजूला घ्यावा जिथे बाथरूमचे किंवा बागेचे पाणी मुरते. पाइप किमान अडीच मीटरचा असावा, कोळसा-मीठ किंवा तयार मिश्रण घालून तो भरावा आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. पाणी ओतण्याची ही जुनी पद्धत अडाणीपणाची नाही, पूर्णपणे शास्त्रीय आहे.

तरीही चांगल्या अर्थिंगवर एकटा एमसीबी आपल्याला वाचवील असे समजू नका. हिशेब करून पाहा. आपल्या अर्थिंगचा रोध १० ओम आहे आणि फ्रीझरमध्ये फेज पत्र्याला टेकला, तर जमिनीत जास्तीत जास्त २३ अँपिअर जातील. १६ च्या एमसीबीला एवढ्या प्रवाहावर सुटायला तासभरही लागू शकतो, आणि तोवर फ्रीझरच्या पत्र्यावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब राहील. गाडी धुवून ओल्या झालेल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाने त्या क्षणी झाकण उघडले तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही. याच कारणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि फरक आढळला की सेकंदाच्या लहानशा अंशात लाइन तोडतो. उन्हाळ्यात वाळून अर्थिंगचा रोध ५०० ओम झाला तरी ३० मिलिअँपिअरला पत्र्यावर १५ व्होल्टच चढतात, आणि त्याआधी लाइन तुटलेली असते. फ्रीझरसाठी मी आरसीबीओ घ्यायला सांगते. त्यात एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत असतात, त्यामुळे घरात दुसरीकडे बिघाड झाला तरी फ्रीझर बंद पडत नाही आणि फ्रीझर बिघडला तरी घर अंधारात जात नाही. त्यावरचे टेस्ट लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते दाबल्यावर लाइन पडली नाही तर उपकरण बदलावे.

जागेबद्दल दोन शब्द. पत्र्याचे शेड मला पसंत नाही. फ्रिज आणि फ्रीझरच्या पाटीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. टी वर्गाचे यंत्र भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत, एसटी वर्गाचे ३८ अंशांपर्यंत आणि एन वर्गाचे ३२ अंशांपर्यंत काम करण्यासाठी बांधलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. जिन्याखालची किंवा कोठीतली सावलीची जागा मिळाली तर वायर आखूड होईल, कॉम्प्रेसरही कमी वेळ चालेल. शेडच ठरले असेल तर फ्रीझर चार इंच उंच चौथऱ्यावर ठेवा, मागे आणि बाजूला वीतभर हवा राहू द्या, सॉकेट गुडघ्याच्या वर आणि झाकणाच्या पेटीत घ्या, आणि वायर जमिनीतून न्यायची असल्यास आर्मर्ड केबल वापरा. घुशी साधी पाइप कुरतडतात.

शेवटी बिअर. आइस्क्रीमचा फ्रीझर उणे १८ अंशांसाठी बनवलेला असतो, आणि पाच टक्के मद्यार्काची बिअर उणे २ ते उणे ३ अंशांच्या आसपास गोठू लागते. गोठताना ती प्रसरण पावते आणि बाटली फुटते. फ्रीझर मूळचा कन्व्हर्टिबल जातीचा असेल तर त्यावर कूलरची कळ असते, ती वापरावी. नसेल तर बाहेरून डिजिटल तापमान नियंत्रक लावावा लागेल आणि तो ४ अंशांवर, दोन अंशांच्या फरकाने ठेवावा. हे नियंत्रक लावताना होणारी एक चूक सांगून ठेवते. स्वस्त नियंत्रकातल्या रिलेवर, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचवर, १० अँपिअर लिहिलेले असते, पण तो आकडा हीटरसारख्या सरळ भारासाठी असतो. कॉम्प्रेसरच्या सुरुवातीच्या धक्क्याने त्याचे संपर्क हळूहळू वितळतात आणि एक दिवस चिकटून बसतात. मग फ्रीझर थांबतच नाही आणि सकाळी सगळ्या बाटल्या फुटलेल्या मिळतात. म्हणून नियंत्रकाने एक छोटा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा धक्का सोसणारा दणकट रिले, चालवावा आणि कॉन्टॅक्टरने कॉम्प्रेसर. नियंत्रकात विलंबाची सोय असते, ती किमान तीन मिनिटांवर ठेवा, कारण बंद झालेल्या कॉम्प्रेसरमधला वायूचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो आणि त्याआधी सुरू केलेली मोटर हमखास अडकते. तापमानाची तार मोकळ्या हवेत लोंबकळत न ठेवता पाण्याने भरलेल्या बाटलीत सोडा. चार अंशांवर चालणाऱ्या पेटीत बर्फ होत नाही, दव साचते, ते आठवड्याला पुसून घ्या, नाहीतर तळाचा पत्रा गंजतो.

वाळूज आणि चिकलठाण्यात बिअरचे कारखाने असलेल्या शहरातून हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे. घरी मद्य बाळगण्याच्या परवान्याचा विषय राज्य उत्पादन शुल्क विभागाचा आहे, तेवढी चौकशी आपण स्वतंत्रपणे करावी.

प्रश्न : लातूरहून लिहीत आहे. आमच्या तळघरात असाच एक फ्रीझर आहे आणि त्यासाठी घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. उन्हाळाभर तो एकदाही पडला नाही. जूनचा पाऊस सुरू झाल्यापासून मात्र दोन-तीन दिवसांआड पडतो, बहुधा पहाटे. शेजारच्या काकांनी सांगितले की फ्रीझरच्या प्लगची जाड पिन कापून टाका, आमच्याकडे तसेच केले आणि त्रास थांबला. तसे करावे का?

उत्तर : काकांचा हेतू चांगला असेल, तरी पिन अजिबात कापू नका, आणि त्यांनाही त्यांची पिन पुन्हा बसवून घ्यायला सांगा. त्यांच्याकडे गळती थांबलेली नाही, ती आता एखाद्या माणसाच्या हाताची वाट पाहत आहे.

पावसाळ्यात पडणारा आरसीसीबी ओलावा शोधत असतो. ३० मिलिअँपिअर लिहिलेले असले तरी तो १५ पासून ३० पर्यंत कुठेही सुटू शकतो, आणि त्याच्याखाली आपले सगळे घर असल्यामुळे गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर यांची थोडी थोडी गळती त्यात जमा होते. फ्रीझरची भर पडली की मर्यादा ओलांडते. म्हणून दोष फ्रीझरचाच आहे असे आधी ठरवू नका. आरसीसीबी पडला की फ्रीझरचा प्लग काढून दोन-तीन दिवस पाहा. तरीही तो पडत असेल तर ओल भिंतीतल्या एखाद्या बोर्डात किंवा गच्चीवरच्या मोटरीत आहे. प्लग काढल्यावर त्रास थांबला तर फ्रीझरच्या कॉम्प्रेसरवरची जोडणीची डबी, तिच्यातला स्टार्टिंग रिले, थर्मोस्टॅट आणि झाकणातला दिवा तपासून घ्या. तळघरातल्या दमट हवेत या चार जागी पाणी साचते. परवानाधारक वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजण्याचे यंत्र, असतो. फेज आणि पत्रा यांच्यामध्ये तो लावल्यावर एक मेगाओमपेक्षा कमी आकडा आला तर तो भाग बदलावा. निरोगी कॉम्प्रेसर याच्या कितीतरी पट जास्त दाखवतो.

आणखी एक शक्यता आहे. नवीन सॉकेट काढताना फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्याच लाइनचा घेतला जातो. तो उसना न्यूट्रल आरसीसीबीच्या बाहेरून आलेला असेल तर गेलेला प्रवाह परत येताना मोजलाच जात नाही आणि उपकरण निर्दोष असूनही लाइन पडते. असे असते तर ती उन्हाळ्यातही पडली असती, त्यामुळे आपल्या बाबतीत मला ओलाव्याचाच संशय जास्त आहे. फ्रीझरला वेगळा आरसीबीओ दिला तर निदान दोष कोणाचा हे एका रात्रीत कळेल.

प्रश्न : आमचे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की घरात १६० व्होल्ट येतात. फ्रीझर घ्यायचा आहे. अडीचऐवजी सहाची वायर ओढली तर व्होल्टेज सुधारेल का? आणि तो घरच्या इन्व्हर्टरवर चालेल का?

उत्तर : नाही सुधारणार. घरातली वायर कितीही जाड केली तरी मीटरपाशी आलेल्या १६० व्होल्टचे १६१ होत नाहीत. ती फक्त घरात होणारी गळती थांबवते. आपले पैसे वायरवर न घालता स्टॅबिलायझरवर घाला. तो १ केव्हीएचा घ्या, म्हणजे सुरुवातीचा धक्का सोसेल, आणि घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : किती व्होल्टपर्यंत तो उचलतो, त्याखाली गेल्यावर फ्रीझर तोडतो का, आणि वीज परत आल्यावर तीन मिनिटे थांबतो का. तिसरी गोष्ट नसेल तर तो घेऊ नका. स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही, हेही लक्षात असू द्या. १६० चे २३० करताना तो लाइनमधून जास्त प्रवाह ओढतो, फ्रीझर १.४ अँपिअर घेत असेल तर मागून २ अँपिअरच्या वर येतात, आणि सुरू होताना त्याच प्रमाणात जास्त. अडीचची वायर याला पुरते. फ्रीझर अजून घेतलेला नाही हे बरे झाले. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा पाहा, तो हळूहळू वेग घेतो, त्यामुळे सुरुवातीचा धक्का जवळजवळ नसतोच, आणि यातली काही यंत्रे कमी दाबावरही चालतात. किती दाबापासून, ते पाटीवर किंवा पुस्तिकेत वाचूनच घ्या.

घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर साधा कॉम्प्रेसर लावू नका. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर तापते, आणि साइन वेव्हचा असला तरी आठशे-नऊशे व्हीएचे यंत्र सुरुवातीचा धक्का उचलताना बंद पडते. दिवे-पंख्यांसाठी ठेवलेली बॅटरीही लवकर संपते. फ्रीझरचे सॉकेट काढताना वायरमन जवळची म्हणून इन्व्हर्टरचीच लाइन घेऊ शकतो, तेव्हा काम झाल्यावर मेन स्विच बंद करून त्या सॉकेटमध्ये टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर लाइन बदलून घ्या. भरलेला आडवा फ्रीझर झाकण न उघडल्यास कित्येक तास थंड राहतो, त्यामुळे वीज गेल्यावर त्याला बॅटरी देण्यापेक्षा झाकणाला हात न लावणे जास्त उपयोगी पडते.